जुन्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी: बसणं, चालणं आणि बूट होणं

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह) बसेल का असं दुकानात विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "साटा आहे ना? मग बसेल." ते खोटं नाही. साटा म्हणजे ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची पद्धत, आणि २००३ साली आलेल्या पहिल्या साटाचं सॉकेट आणि आजच्या अडीच इंची एसएसडीचं सॉकेट एकच आहे. पण माणसं अडकतात ती सॉकेटपाशी नाही. ती अडकतात पॉवरच्या एखाद्या पिनेपाशी, बायोसच्या (मशीन सुरू होताना आधी चालणारा मदरबोर्डातला प्रोग्रॅम) एका सेटिंगपाशी, किंवा एम.२ नावाच्या त्या बोटभर स्लॉटपाशी, जिथे दोन वेगळ्या जातींच्या एसएसडी सारख्याच बसतात आणि त्यातली एकच चालते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. साधारण २००६ ते २०१५ मधला डेस्कटॉप किंवा लॅपटॉप घरात असलेले, ज्यांना त्यात एसएसडी टाकायची आहे. आणि त्याहून जुन्या आयडीई (साटाच्या आधीची, रुंद रिबन केबलची जोडणी) डिस्कमधले फोटो-कागद आजच्या मशीनवर काढून घ्यायचे आहेत असे.

कुठलीही ड्राइव्ह कुठल्याही मशीनला जोडताना चार गोष्टी जुळाव्या लागतात: सॉकेटचा आकार, वीजपुरवठा, दोघांची बोलायची भाषा, आणि बायोस व विंडोजला ती ड्राइव्ह पूर्ण दिसणं. वेग यात धरलेला नाही, कारण वेग न जुळल्यानं काम अडत नाही, फक्त सावकाश होतं. नवखे मात्र वेगाचीच चिंता करत बसतात आणि बाकीच्या चार गोष्टी पैसे दिल्यावर तपासतात.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते पाहा

कॅबिनेट उघडण्याआधी दोन मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. सीपीयू-झेड मधल्या मेनबोर्ड टॅबवर मदरबोर्डचं मॉडेल आणि चिपसेट (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणारी मुख्य चिप) दिसतो. क्रिस्टलडिस्कइन्फो मध्ये 'ट्रान्सफर मोड' या ओळीत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ साटा/३०० आणि साटा/६००. पहिला आकडा सध्या जुळलेला वेग, दुसरा त्या ड्राइव्हची कमाल क्षमता. पहिला लहान आणि दुसरा मोठा असेल तर पोर्ट जुना आहे, ड्राइव्ह नाही.

इंटेलच्या बोर्डांवर चिपसेटचं नाव कळलं की बरंच कळतं. एच६१ वरचे चारही साटा पोर्ट ३ गिगाबिटचे (हा सेकंदाचा वेग, हिशेब पायरी २ मध्ये). बी७५ वर एकच पोर्ट ६ गिगाबिटचा, एच७७ वर दोन. एच८१ वर चारांपैकी दोन, बी८५ वर सहापैकी चार. एएमडीच्या एसबी८५० वर सगळे सहा पोर्ट ६ गिगाबिटचे. जिथे मिश्र पोर्ट असतात तिथे बोर्डावर त्यांचे रंग सहसा वेगळे असतात, पण कुठला रंग वेगवान हे कंपनीगणिक बदलतं. रंगावर जाऊ नका, पोर्टशेजारी छापलेला क्रमांक मॅन्युअलमध्ये शोधा. एसएसडी चुकून ३ गिगाबिटच्या पोर्टात जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक. ती दुरुस्त करायला फक्त केबल बदलून लावायची असते.

पायरी २: वेगाचा हिशेब, एकदाच

साटाच्या तीन पिढ्या: १.५, ३ आणि ६ गिगाबिट प्रति सेकंद. एक बाइट पाठवायला तारेवर आठऐवजी दहा बिट खर्च होतात, म्हणून दहानं भागा: १५०, ३०० आणि ६०० एमबी. प्रत्यक्षात चांगली साटा एसएसडी तिसऱ्या पिढीच्या पोर्टावर ५५० च्या आसपास, दुसऱ्यावर २७०-२८० आणि पहिल्यावर १३०-१४० एमबी देते.

हे आकडे वाचून निराश व्हायचं कारण नाही. हे सलग मोठी फाइल कॉपी करतानाचे आकडे आहेत. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना डिस्कवर हजारो छोटे तुकडे इकडून तिकडून वाचले जातात. फिरणारी हार्ड डिस्क अशा कामात सेकंदाला १ एमबीच्याही खाली रखडते. एसएसडी २० ते ४० एमबी सहज देते. हा वेग पहिल्या साटाच्या १५० च्या मर्यादेच्या खूप आत आहे. त्यामुळे २००७ च्या लॅपटॉपलाही एसएसडी टाकल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. फक्त वेगासाठी त्यात महागडी एसएसडी घालू नका. साधी २४० किंवा २५६ जीबीची पुरे.

दोन पिढ्यांची ड्राइव्ह आणि पोर्ट जोडले की सुरुवातीलाच आपसात बोलून दोघांना झेपेल असा सर्वांत वरचा वेग ठरवतात. हे आपोआप होतं, सेटिंग लागत नाही. अपवाद मात्र ठाऊक असावेत. व्हीआयएच्या व्हीटी८२३७, व्हीटी८२३७आर आणि व्हीटी६४२० या, तसंच एसआयएसच्या ९६४ या जुन्या चिप्सना ३ गिगाबिटच्या ड्राइव्हशी ही बोलणी जमतच नाहीत. ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतच नाही. यावर उपाय ड्राइव्हवरच असतो. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक साडेतीन इंची डिस्कवर ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) घातला की डिस्क १.५ गिगाबिटलाच थांबते. एसएसडीवर असा जम्पर नसतो. म्हणून असं मशीन असेल तर एसएसडीचा विचार सोडा, किंवा पीसीआय स्लॉटात वेगळं साटा कार्ड घाला. एन्व्हिडियाच्या एमसीपी७९ चिपसेटवर वेगळी खोड आहे: तिसऱ्या पिढीच्या काही एसएसडी तिथे ३ ऐवजी १.५ गिगाबिटवर घसरतात. काम चालतं, वेग निम्मा होतो.

पायरी ३: वीज

साटा ड्राइव्हला दोन जोडण्या असतात: ७ पिनांची डेटाची आणि १५ पिनांची पॉवरची. दोन्हींचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा, त्यामुळे उलटी जात नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा. तो प्लास्टिकचा एल एकदा तुटला की ड्राइव्ह कायम सैल राहते.

अडीच इंची ड्राइव्ह ५ व्होल्टवर चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टही लागतात. जुन्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) साटा पॉवरचं टोक नसेल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारी केबल मिळते. ती घेताना टोक नीट पाहा. ज्या टोकात तारा एकेक करून दाबून बसवलेल्या दिसतात ते घ्या. ज्यात सगळं प्लास्टिक एकसंध ओतलेलं असतं ते टाळा: आत तारा जवळजवळ येऊन शॉर्ट होतात, आणि अशी टोकं वितळल्याची, पेटल्याचीही उदाहरणं बरीच आहेत. वीस-तीस रुपयांचा फरक असतो.

आता नव्या ड्राइव्हची एक गंमत. पॉवरच्या पहिल्या तीन पिनांवर पूर्वी ३.३ व्होल्ट असायचे आणि जवळपास कुठलीच डिस्क ते वापरत नसे. साटा ३.३ या आवृत्तीत (योगायोगानं आकडाही तोच) तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं गेलं: तिथे ३.३ व्होल्ट आले की ड्राइव्हनं बंद राहायचं. मोठ्या सर्व्हरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. जुना एसएमपीएस मात्र त्या पिनेवर बिनधास्त ३.३ व्होल्ट देत राहतो आणि नवी कोरी डिस्क मेल्यासारखी पडून राहते. ना आवाज, ना थरथर. बाह्य केसिंग फोडून काढलेल्या मोठ्या डिस्कमध्ये आणि सर्व्हरच्या डिस्कमध्ये हे विशेष होतं. डिस्क परत करण्याआधी मोलेक्सवरून पॉवर देऊन पाहा, मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. किंवा ड्राइव्हच्या पॉवर सॉकेटवर, डेटाच्या बाजूनं मोजत, पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी टेप) बारीक पट्टी चिकटवा. साधी सेलोटेप उष्णतेनं सुटते आणि डिंक सॉकेटात राहतो.

पायरी ४: एम.२ घेण्याआधी

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. एम.२ हे फक्त सॉकेटचं नाव आहे. त्या सॉकेटातून साटा वाहू शकतो किंवा पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्ड ज्यावर चालतं ती जोडणी). दोन्ही वाहतील का, हे बोर्ड बनवणाऱ्यावर अवलंबून. एनव्हीएमई एसएसडी पीसीआय एक्सप्रेसवर बोलते, साटा एसएसडी साटावर. एकीला दुसरीची भाषा येत नाही आणि मधे दुभाषा बसवता येत नाही.

एसएसडीच्या टोकावरच्या खाचा बघा. लेबलची बाजू वर धरली असता एका कडेला ५ पिनांनंतर एकच खाच असेल तर ती एम-की. आजची बहुतेक एनव्हीएमई अशीच असते. दुसऱ्या कडेलाही ६ पिनांनंतर खाच असेल तर ती बी आणि एम दोन्ही, एम.२ साटा एसएसडी बहुधा अशी. 'दोन खाचा म्हणजे साटा' असं मात्र डोळे झाकून धरू नका. पीसीआय एक्सप्रेसच्या दोनच लेन (डेटाच्या समांतर वाटा) वापरणाऱ्या काही एनव्हीएमई एसएसडींनाही दोन खाचा असतात. शेवटचा शब्द लेबलवरचा.

दोन खाचांची एसएसडी एम-कीच्या स्लॉटात अलगद बसते, स्क्रूही लागतो. मग बायोसमध्ये काहीच दिसत नाही आणि दोष एसएसडीला दिला जातो. खरं कारण असं: ६९ क्रमांकाची पिन साटा एसएसडीत ग्राउंडला जोडलेली असते, एनव्हीएमईमध्ये मोकळी. बोर्ड ती पिन वाचून ठरवतो की या तारांवर साटा सोडायचा की पीसीआय एक्सप्रेस. ज्या बोर्डाच्या त्या स्लॉटाला साटाच्या तारा ओढलेल्याच नाहीत, तो कितीही वाचो, पाठवणार काय? म्हणून मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे नेमके कुठले शब्द लिहिले आहेत ते वाचा. 'पीसीआयई' एवढंच असेल तर साटा चालणार नाही. 'साटा' एवढंच असेल तर एनव्हीएमई चालणार नाही. दोन्ही असतील तरच निवड तुमची.

त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: एम.२ भरला की अमुक साटा पोर्ट बंद होतो. नवी एम.२ टाकल्यावर जुनी हार्ड डिस्क 'मेली' असं वाटलं तर आधी तिची केबल दुसऱ्या पोर्टात लावून पाहा.

लांबी २२८० अशा आकड्यानं लिहितात: रुंदी २२ मिमी, लांबी ८० मिमी. काही लॅपटॉपांत फक्त २२४२ मावते. लॅपटॉपमधला वायफाय कार्डाचा स्लॉटही एम.२ च असतो, पण त्याची खाच वेगळी, ई किंवा ए. तिथे एसएसडीचं काही काम नाही.

एम.२ च्या आधी एमसाटा होतं, ५१ बाय ३० मिमीची पट्टी. ती मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डासारखी हुबेहूब दिसते आणि त्याच सॉकेटात बसते, पण सॉकेटाला साटाची तार जोडलेली असेल तरच चालते. थिंकपॅड एक्स२२० मध्ये मोबाइल सिमकार्डाच्या मॉडेमचा स्लॉट एमसाटा घेतो, तोही ३ गिगाबिटनं. शेजारचा वायफायचा घेत नाही.

पायरी ५: जुन्या डेस्कटॉपला एनव्हीएमई

एम.२ स्लॉट नसलेल्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस स्लॉटात बसणारं कार्ड घालून एनव्हीएमई लावता येते. कार्ड काही शे रुपयांना मिळतं, कारण त्यावर फारसं काही नसतं, तारा इकडून तिकडे नेलेल्या असतात. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींना सांभाळून घेतात: चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या चार लेनच्या स्लॉटात सुमारे ३.५ जीबी प्रति सेकंदावर चालते.

लेन मोजायला विसरू नका. दुसऱ्या पिढीची एक लेन ५०० एमबीची, तिसऱ्या पिढीची सुमारे ९८५ ची. एच६१ सारख्या बोर्डावरच्या त्या छोट्या स्लॉटात दुसऱ्या पिढीची एकच लेन असते. तिथे एनव्हीएमई लावणं म्हणजे ६ गिगाबिट साटापेक्षाही कमी वेग विकत घेणं. घ्यायचंच तर ते ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटात, आणि तो रिकामा असेल तरच.

खरी मेख बूट होण्यात आहे. मशीन सुरू होताना विंडोज अजून जागं झालेलं नसतं. एनव्हीएमईशी बोलायचं काम तेव्हा बोर्डाच्या यूईएफआयचं, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराचं. इंटेलच्या २०१४ च्या ९-मालिकेपासून, म्हणजे झेड९७ आणि एच९७ पासून, ही समज बोर्डांत सर्रास येऊ लागली, तीही कधीकधी बायोस अपडेटनंतर. त्याआधीच्या बोर्डावर विंडोज १० चालू झाल्यावर ड्राइव्ह व्यवस्थित दिसते, डेटा ठेवता येतो, पण तिच्यावरून मशीन सुरू होत नाही. क्लोव्हर हा बूटलोडर पेनड्राइव्हवर टाकून, त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर घालून हे जमवता येतं. ज्यांना असल्या खटपटीची हौस आहे त्यांनी करावी. रोजच्या कामाचं किंवा हिशेबाचं मशीन असेल तर साटा एसएसडी घ्या आणि शांत राहा. विंडोज ७ मध्ये तर एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नाहीच, वेगळा पॅच लागतो, ८.१ पासून तो आत आहे.

पायरी ६: साटा एसएसडी बसवणं, क्रमानं

१. जुन्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो मध्ये पाहा. पिवळा किंवा लाल शेरा असेल तर क्लोन (पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करत बसू नका. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा.

२. बायोसमध्ये साटा मोड 'आयडीई' आहे की 'एएचसीआय' ते बघा. एएचसीआय म्हणजे साटाच्या स्वतःच्या भाषेत बोलायचं, आयडीई म्हणजे साटा ड्राइव्हनं जुन्या डिस्कचं सोंग घ्यायचं. सोंग चालतं, पण एकाच वेळी अनेक मागण्या हाताळण्याची एसएसडीची ताकद वाया जाते. पण थेट मोड बदललात तर निळा पडदा येईल, कोड ७बी, कारण विंडोजनं दुसरा ड्रायव्हर झोपवून ठेवलेला असतो. विंडोज १० मध्ये 'एमएसकॉन्फिग' चालवा, बूट टॅबवर सेफ बूट, मिनिमल निवडा, रिस्टार्ट करा, बायोसमध्ये एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर स्वतः उचलतं. मग तीच खूण काढून पुन्हा रिस्टार्ट. हे करण्याआधी दोन गोष्टी: बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर तो तात्पुरता थांबवा, आणि अकाउंटचा पूर्ण पासवर्ड आठवतो का ते बघा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. विंडोज ७ मध्ये मोड बदलण्याआधी रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखाली 'एमएसएएचसीआय' शोधून त्याची 'स्टार्ट' किंमत ० करावी लागते.

३. ५०० जीबीवरून २४० वर जायचं असेल तर आधी भरलेला भाग २०० जीबीच्या आत आणा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आखडा. क्लोनझिला सारखी साधनं लहान डिस्कवर मोठी डिस्क उतरवायला सहसा नकार देतात.

४. एसएसडी यूएसबी-साटा केबलनं जोडा आणि क्लोन करा. यूएसबी २ असेल तर वेग ३५-४० एमबीच. २०० जीबीला दीड तास धरा, प्रत्यक्षात थोडा जास्तच.

५. मशीन बंद, प्लग काढलेला, लॅपटॉप असेल तर बॅटरीही. पॉवर बटण पाचेक सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. जुनी डिस्क काढा, एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपची डिस्क ९.५ मिमी जाड, एसएसडी ७ मिमी. मधे अडीच मिमीची प्लास्टिक चौकट लागते, नाहीतर एसएसडी हलते आणि सॉकेटला झटके बसतात.

६. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली ठेवू नका. क्लोन आणि मूळ, दोघांची ओळखीची सही एकच असते; विंडोज गोंधळतं, कधी एक डिस्क ऑफलाइन टाकतं, कधी अजून जुन्यावरूनच सुरू होतं आणि तुम्ही म्हणता वेग वाढला कुठे?

७. सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स. 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' च्या आकड्याला ४०९६ नं पूर्ण भाग जायला हवा. १०,४८,५७६ असेल तर उत्तम. ३२,२५६ असेल तर ते एक्सपीच्या काळातलं पार्टिशन जसंच्या तसं उचललं गेलं आहे: प्रत्येक लिखाण दोन पानांवर पडतं, एसएसडी रखडते आणि लवकर झिजते. पार्टिशन सरकवणारं साधन वापरा, किंवा विंडोज नव्यानं टाका. इतकं जुनं विंडोज असेल तर नव्यानं टाकणंच बरं.

लॅपटॉपची डीव्हीडी काढून तिथे कॅडीत (डीव्हीडीच्या जागेत मावणारी चौकट) डिस्क बसवायची तर जाडी मोजा, ९.५ किंवा १२.७ मिमी. एसएसडी मुख्य जागी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत; उलट नको, कारण डीव्हीडीचा पोर्ट अनेकदा कमी पिढीचा असतो.

मोठ्या डिस्कच्या भिंती

जुन्या मशीनला डिस्कचे सेक्टर मोजता येतात ते ठरावीक आकड्यापर्यंत. आयडीईच्या जुन्या बायोसांना २८ बिटच मोजता येत, म्हणून १३७ जीबीच्या पुढे अंधार. विंडोज एक्सपीला हे सर्व्हिस पॅक १ पासून उमगलं. पुढची भिंत २.२ टीबीची, ३२ बिटांची. एमबीआर या जुन्या पद्धतीचं पार्टिशन आणि जुनी यूएसबी केसिंग दोघंही तिथेच थांबतात. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली किंवा ४ टीबीची १.६४ टीबी, तर डिस्क नकली नाही; मोजणारा आकडा फिरून पुन्हा शून्यावरून सुरू झाला आहे. अशा अवस्थेत तिच्यावर काहीही लिहू नका, आधीचा डेटा पुसला जाईल.

डेटा डिस्क म्हणून जीपीटी, म्हणजे एमबीआरनंतरची नवी पार्टिशन पद्धत, विंडोज ७ लाही चालते. पण जीपीटीवरून विंडोज सुरू करायचं तर यूईएफआय लागतो. जुन्या बायोसवर सुरुवातीची एसएसडी एमबीआर ठेवा, मोठी डिस्क फक्त साठवणीला.

मोठ्या डिस्कच्या काही यूएसबी केसिंग ही भिंत टाळण्यासाठी सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा असल्याचं सांगतात. मग तीच डिस्क केसिंगमधून काढून थेट साटाला लावली की विंडोज म्हणतं, 'फॉरमॅट करायची आहे का?' नाही म्हणा. परत त्याच केसिंगमध्ये घाला, डेटा जागेवर असतो.

आयडीई डिस्कमधून डेटा काढणं

लागणारी वस्तू: यूएसबी ते आयडीई-साटा अ‍ॅडॉप्टर, सोबत १२ व्होल्ट २ अँपिअरचा पॉवर अ‍ॅडॉप्टर आणि मोलेक्स केबल. साडेतीन इंचीचं सॉकेट ४० पिनांचं, वेगळी पॉवर लागते. लॅपटॉपच्या अडीच इंचीचं ४४ पिनांचं आणि बारीक. जास्तीच्या चार पिनांतून पॉवर येते.

मागचा जम्पर 'मास्टर' वर ठेवा. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कला एकटी असताना जम्पर काढूनच टाकायचा असतो; लेबलवर नकाशा छापलेला असतो. मधली एक पिन, विसावी, मुद्दाम वगळलेली असते, तीच दिशा दाखवते. अडलं तर दाबू नका, वाकलेली पिन सरळ करताना तुटते. आधी डेटा, मग पॉवर, डिस्क फिरल्याचा आवाज आल्यावर यूएसबी.

डिस्क थेट जुन्या डेस्कटॉपमध्येच लावत असाल तर रिबन केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. ४० तारांच्या जुन्या केबलवर वेग ३३ एमबीच्या वर जात नाही. ८० तारांची वापरा, ४६ सेमीपेक्षा लांब नको.

डिस्क दिसली, फोल्डर उघडताना परवानगी नाकारली, तर ते कुलूप जुन्या विंडोजच्या अकाउंटचं आहे. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये ओनर बदला. डिस्क टकटक आवाज करत असेल तर फाइली चाळत बसू नका. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवून आधी पूर्ण प्रतिमा (सगळ्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) घ्या, नंतरचं सगळं काम त्या प्रतिमेवर. महत्त्वाचा डेटा असेल आणि आवाज वाढत असेल तर वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. दर मिनिटाला पृष्ठभाग खरवडला जातो.

यूएसबीनं जोडताना

यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना जवळपास १ अँपिअर ओढू शकते, म्हणून जुन्या पोर्टावर ती टिकटिक करून बंद पडते. दोन टोकांची वाय केबल किंवा स्वतःची पॉवर असलेला हब लावा. एसएसडीला ही अडचण फारशी येत नाही.

यूएसबी ३ ची केबल आणि निळा पोर्ट असूनही वेग ४० एमबीच येत असेल तर प्लग काढून एका झटक्यात पुन्हा घाला. हळूहळू सरकवला तर जुन्या चार पिना आधी टेकतात आणि जोडणी यूएसबी २ वरच ठरून जाते.

बसवल्यावर आठवड्याभरानं

क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडा आणि सी७ ही ओळ पाहा, सीआरसी त्रुटींची, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाची. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो शून्य नसणं हा दोष नव्हे; तो वाढत असेल तर केबल खराब आहे. मशीन अधूनमधून काही सेकंद थिजत असेल तेव्हा आधी इथे पाहा. जुन्या १.५ गिगाबिटच्या काळातली, वाकवून घडी पडलेली केबल ६ गिगाबिटवर अशी तक्रार करते. १ मीटरच्या आतली, खटक्याची क्लिप असलेली नवी केबल लावा, आजचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी ताडून बघा. तोच राहिला तर प्रकरण संपलं. तरीही वाढत असेल तर दुसरा पोर्ट.